बिगुलवाल्याला त्याच्या जागी ठेवण्याबाबत

मी, पंप आणि मोटारी दुरुस्त करून पोट भरलेला व त्याच धंद्यातून हे घर उभे केलेला, वयाने म्हातारा पण अजून स्वतःच्या पायांनी जिना चढणारा माणूस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. ते कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणी नको म्हटले तरी थांबणार नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि मी रागात आहे.

शेवटचे शब्द वकिलांनी खोडायला सांगितले.

"अहो, उद्या कोणीतरी कोर्टात म्हणेल, रागाच्या भरात लिहिलंय."

"म्हणू दे. रागात असताना मी चुकीच्या कागदावर कधी सही केलेली नाही. खुशीत असताना बऱ्याच केल्यात."

वकील हसले. शब्द राहिले.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी लिहिले आहे की माझी श्रवणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार असल्याने त्याखाली मी रेघ ओढली आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते छंद-प्रदर्शनाच्या आधीचे आहे. त्यात मी सगळ्यांबद्दल फार चांगले लिहिले होते.

१. वर्कशॉप, त्यातील यंत्रे, मोटारीच्या गुंडाळणीची तांब्याची तार, फळ्यांवरचे सुटे भाग आणि दारावरची पाटी हे सर्व माझे एकुलते एक चिरंजीव यांना द्यावे. त्यांच्यावर माझा राग आहे, पण वर्कशॉप त्यांचेच. ज्यांच्या घरचे पंप बंद पडतात त्यांचा आमच्या भांडणात काही दोष नाही. चिरंजीवांचा हात चांगला आहे. गुंडाळणी ते माझ्यापेक्षा सुबक करतात. फक्त एक सवय सोडावी. मोटार उघडायच्या आधीच ते गिऱ्हाइकाला "होऊन जाईल" म्हणतात. आधी ऐकावे. मी गॅरेजमध्ये रॉकेलने पार्ट धुवायला लागलो तेव्हा मालक म्हणाला होता, "तुझ्याच्याने धुण्यापलीकडे काही होणार नाही." पुढे त्याच मालकाच्या विहिरीवरचा पंप मी नुसता आवाज ऐकून दुरुस्त केला. तो माणूस गेला, त्याच्यावरचा रागही गेला. तेव्हा माझा राग जात नाही असे कोणी म्हणू नये.

२. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, ज्याचे टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून मी बेअरिंग तपासत असे, तो आमच्या मिस्त्रींना द्यावा. चिरंजीवांनी तो डबे उघडायला वापरला आहे. मी पाहिले आहे.

३. बँकेतील ठेवी आणि पत्नीचे दागिने कन्येला. ती लांब राहते. प्रदर्शनाचा प्रकार कळल्यावर तिने फोन केला आणि म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात? खेळणीच ना?" मी फोन ठेवला. थोड्या वेळाने तिचा परत आला. "बाबा, आईचा बिगुलवाला परत जागेवर आला का?" या दुसऱ्या फोनमुळे हे कलम जसेच्या तसे राहिले आहे.

४. राहते घर चिरंजीव व सूनबाई या दोघांच्या नावे, समान हक्काने. मात्र मागची खोली, जिच्यात टेबल आहे, ती सूनबाईंच्या ताब्यात राहील. तिथे कपाट, जुना फ्रिज किंवा पाहुण्यांची गादी ठेवायची असेल तर त्यांना विचारावे. त्या नाही म्हणतील.

५. मागच्या खोलीतील टेबल. हे कलम लांब आहे. वकिलांनी घड्याळाकडे पाहू नये.

दाराएवढ्या फळीवर एक नदी आहे, नदीवर दगडी पूल आहे, पुलाअलीकडे माझी फौज आणि पलीकडे माझ्या पत्नीची. सैनिक बोटाच्या पेराएवढे. डाक लावायच्या, म्हणजे वायरींचे सांधे जोडायच्या शिशाच्या तारेचे वर्कशॉपमध्ये उरलेले तुकडे वितळवून मी ते साच्यांत ओतले. साचेही मीच केले. रंग तिने दिले, नदीसुद्धा तिनेच रंगवली. लोक विचारतात, ही कुठली लढाई? आमच्या घरातली, असे मी सांगतो. ती दुसरीकडे कुठेही झालेली नाही.

सुरुवातीला तिला हे मुळीच पसंत नव्हते. "मुलांची लग्नं करायची वेळ आली आणि बाप बाहुल्या मांडतोय," असे ती शेजारणीला सांगे, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मला ऐकू येई. मग एकदा टेबल पुसताना तिने माझा एक घोडेस्वार उचलला, पदराने पुसला आणि परत ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, याची पाठ उघडी आहे की. मागून कोणी आलं तर?"

"मागून कोण येणार? मध्ये नदी आहे."

"मी येईन," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ती उठलीच नाही म्हणा ना. पुढची सगळी वर्षे त्या टेबलावर आम्ही एकमेकांशी लढलो, आणि त्यामुळे टेबलाबाहेर फारसे लढावे लागले नाही.

नियम पुष्कळ होते, फासे होते, अंतर मोजायला शिंपीकामाची टेप होती. पण मुख्य नियम एकच होता. टेबलावर दिसते तेच खरे. कुंपण दिसले तर ते कुंपण आहे, दिसले नाही तर नाही. तोंडी सवलत कोणालाच नाही. एकदा तिला ताप होता म्हणून मी मुद्दाम घोडदळ चुकीच्या बाजूला नेले. तिने फासा खाली ठेवला. "मला आजारी समजून खेळायचं असेल तर पत्ते आणा," म्हणाली, आणि नंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली.

तिची शेवटची खेळी अशी होती. पुलाच्या तोंडाशी उभा असलेला आपला बिगुलवाला तिने उचलला आणि दूर माझ्या डाव्या हाताला, अगदी पाण्याच्या कडेला, एकटाच नेऊन ठेवला. माझे घोडदळ तेव्हा पुलावर चढलेले होते. मला काहीच कळेना.

"झालं. आता तुम्ही," ती म्हणाली.

"थांब, विचार करतो."

"करा की. मी कुठे जातेय?"

त्यानंतर तिला दवाखान्यात न्यावे लागले, आणि ती घरी परत आली नाही.

तेव्हापासून खेळी माझी होती. मी ती केली नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन टेबलापाशी उभा राहत असे, बघत असे आणि कामाला जात असे. धूळ झटकायची तर फुंकर घालून, कोणालाही जागचे न हलवता. असे बरेच दिवस चालले. मग छंद-प्रदर्शनाचे बोलावणे आले, आणि मी ठरवले की आता तिला उत्तर द्यायचे. घरी एकट्याने नाही, चार माणसांसमोर. टेबल मांडायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला लढाई समजावून सांगायची आणि संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी माझी खेळी करायची. हे मी चिरंजीवांना सांगितले होते. आमच्या छंद-मंडळाच्या अध्यक्षांनाही सांगितले होते. दोघेही "वा, वा" म्हणाले होते.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होते. आमच्या एका बाजूला काडेपेटीच्या काड्यांचे जहाज, दुसऱ्या बाजूला आगगाडीवाले, ज्यांची छोटी गाडी दर फेरीला शिटी मारून डोके उठवते. आदल्या संध्याकाळी टेबल लावून झाले, आणि दिव्याची वायर पुरेना म्हणून सूनबाई घरून दुसरी घेऊन आल्या. वायर देऊन निघून जातील असे वाटले होते. त्या वाकल्या, हनुवटी फळीला टेकेल इतक्या, आणि सैनिकांच्या उंचीवरून बघू लागल्या.

"बाबा, आता खेळी कोणाची?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ विचारले. खर्च किती आला, विकणार का, रिकामा वेळ बराच असतो का. हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

"माझी," मी म्हणालो.

"आणि हा इकडे एकटा का?"

"तुझ्या सासूला माहीत. मला अजून उमगलेलं नाही."

"इथे पाणी उथळ आहे म्हणून असेल ना? रंग बघा ना, इथे फिका आहे."

मी बघितले. बिगुलवाल्याच्या पायापासून माझ्या काठापर्यंत नदीचा निळा रंग फिका होत गेला होता. ती जागा मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. मला वाटायचे, रंग कमी पडला असेल. टेबलावर दिसते तेच खरे. तिथून तिची अख्खी फौज पायी नदी ओलांडून माझ्या घोडदळाच्या पाठीवर येणार होती, आणि बिगुलवाला पुढे जाऊन वाट दाखवत उभा होता. मी येईन, असे ती म्हणालीच होती. मी मोठ्याने हसलो. आगगाडीवाल्यांनी वळून पाहिले.

आता रागाचे कारण लिहितो.

सूनबाई गेल्यावर वायर जोडायला मी टेबलाखाली शिरलो. टेबलाला जमिनीपर्यंत काळा पडदा होता. बाहेर चिरंजीव आणि अध्यक्ष येऊन उभे राहिले. अध्यक्षांचे फर्निचरचे दुकान आहे. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या सोफ्यावरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही, यावरून माणूस ओळखावा.

"बाकी सगळं फक्कड आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण परीक्षक आले, कोणाचा धक्का लागला, दोनचार पडले, की गेलं बक्षीस. चिकटवून टाकूया का?"

"चिकटवा ना साहेब. बाबा काय, हलवीन हलवीन म्हणतात. आई गेल्यापासून एक बोट लावलेलं नाही."

मी पडद्याखालून बाहेर आलो. येताना फळी डोक्याला लागली, पण ते इथे महत्त्वाचे नाही. मी म्हणालो, "झाडं चिकटवा. कुंपण चिकटवा. सैनिकाला हात लावायचा नाही. ऐकू आलं?"

"छे छे, काका, आपलं सहज बोललो," अध्यक्ष म्हणाले.

"नाही हो बाबा," चिरंजीव म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "उद्या तुम्ही दुपारी या. सकाळी गर्दी असते, उगाच दगदग."

मी दुपारी गेलो. टेबलाभोवती माणसांचे कडे होते, आणि टेबलाच्या कडेला 'उत्कृष्ट मांडणी' असे कार्ड लावलेले. 'हात लावू नये' अशी पाटीही होती. नदीवर फर्निचरचे वॉर्निश ओतले होते. दिव्याखाली ती आरशासारखी चकाकत होती आणि फिका रंग त्या चकाकीत दिसेनासा झाला होता. तिची फौज, जी तिने ओढ्यासारखी वाकडी, डावीकडे सरकत ठेवली होती, ती शाळेतल्या मुलांसारखी सरळ रांगेत उभी होती. आणि बिगुलवाला पुलावर, बरोब्बर मध्यभागी.

मी माणसांना सारून टेबलापाशी गेलो. आधी त्याला त्याच्या जागेवर न्यावे म्हणून उचलायला गेलो. तो आला, पण त्याचा उजवा बूट पुलावरच राहिला. घोट्यातून तुटला.

"अहो काका, हळू, हळू!" अध्यक्ष ओरडले. लोक हसले. लोकांना काय माहीत!

"याला इथे कोणी आणला?"

"तो कोपऱ्यात एकटाच बरा दिसत नव्हता हो. ओळ तुटत होती."

"ओळ तुटत नव्हती. ती चाल होती. माझ्या बायकोची."

"असेल हो. पण बघणाऱ्याला कसं कळणार?"

मी चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बक्षीस मिळालं ना? आईलाही आनंदच झाला असता."

या वाक्यासाठी हे मृत्युपत्र नव्याने लिहावे लागले. चिरंजीवांनी हे कलम मोठ्याने वाचावे. तुझ्या आईला बक्षिसाचा आनंद झाला असता की नाही, ते मला माहीत नाही. तिची सोंगटी तिला न विचारता कोणी हलवली असती तर तिने काय केले असते, ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तुझ्या लग्नाआधी तू एकदा हलवली होतीस.

संध्याकाळी मी खेळी केली नाही. कशी करणार? घोडे जागचे हलत नव्हते. आगगाडीवाल्यांनी आपली गाडी बंद केली, माझ्याबरोबर फळीचे दुसरे टोक धरले आणि आम्ही टेबल घरी आणले. वाटेत दर खड्ड्यापाशी ते आधी थांबले. फार चांगला माणूस.

६. प्रदर्शनात मिळालेला चषक मंडळाच्या अध्यक्षांना द्यावा. त्यांच्या दुकानातील सर्वात महाग टेबलाच्या बरोब्बर मध्यभागी तो चिकटवून द्यावा. चिकटवण्याचा खर्च माझ्या मालमत्तेतून करावा. वकील म्हणतात, दुसऱ्याच्या टेबलाबाबत अशी अट घालता येत नाही. अट घालता येत नसेल तर इच्छा समजावी. माझी तीव्र इच्छा आहे.

७. सूनबाई गेले काही दिवस दुपारी पातळ पाते घेऊन बसतात आणि एकेका सैनिकाला सोडवतात. पाते पायाखालून सरकवायचे, दाबायचे नाही, फक्त सरकवायचे. हे मी शिकवले नाही. कोणाचा भाला वाकला, कोणाचा घोडा लंगडा झाला, पण बहुतेक सुटले. सगळ्यांना मी मूळ जागी ठेवले आहे. जागा मला पाठ आहेत, इतके दिवस दुसरे काय पाहत होतो? बिगुलवाल्याच्या तुटक्या पायाखाली टाचणी घातली आहे, तो उभा राहतो. पुलावरचा बूट काढू नये. फक्त तो अडथळा समजू नये, यापुरता मुख्य नियमाला अपवाद.

नदीवरचे वॉर्निश निघत नाही. पण टेबलावरचा दिवा बंद केला आणि खिडकी उघडली की फिका रंग पूर्वीसारखा दिसतो. म्हणून पुढे लिहिलेला खेळ दिवसाउजेडी व्हावा.

सूनबाई काम करत असताना चिरंजीव येतात आणि दाराबाहेर उभे राहतात. त्यांना वाटते मला कळत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डाव्या चपलेचा पट्टा सैल झाला आहे, त्याचा आवाज येतो. येतात, थांबतात, जातात. आत येत नाहीत. मी बोलावणार नाही. मी अजून रागात आहे आणि जिवंत असेपर्यंत राहायचा माझा विचार आहे. बोलावण्याचे काम या मृत्युपत्राने करावे.

८. म्हणून टेबल, नदी, पूल व माझ्या पत्नीची संपूर्ण फौज सूनबाईंना देत आहे. माझी फौज चिरंजीवांना, एका अटीवर. त्यांनी आत येऊन माझ्या खुर्चीवर बसावे आणि अर्धवट राहिलेला खेळ सूनबाईंबरोबर शेवटपर्यंत खेळावा. त्यांना नियम येत नसतील तर सूनबाई शिकवतील, मी सूनबाईंना शिकवले आहेत. अट मान्य नसेल तर माझी फौज वितळवून वर्कशॉपमध्ये डाक लावायला वापरावी, निदान पंप तरी चालतील.

चिरंजीवांनी जिंकायचाच प्रयत्न करावा. बायको समोर आहे किंवा आईची फौज आहे म्हणून हात आखडता घेतला, तर ते त्या टेबलावर कळेल. सूनबाईंनीही दया दाखवू नये. माझ्या समजुतीप्रमाणे सूनबाई जिंकतील.

माझी राहिलेली खेळी मी इथे लिहून ठेवतो. व्यवस्थापक म्हणून वकिलांनी ती पहिल्यांदा टेबलावर करावी, उजव्या हाताने, घोडे कमरेशी धरून. तिला आयते मिळालेले चालत नसे, म्हणून मी जिथे सापडलो होतो तिथे थांबणार नाही. पुलावरचे सर्व घोडदळ मागे घ्यावे. डावीकडे न्यावे. उथळ पाण्यासमोर, बिगुलवाल्याकडे तोंड करून उभे करावे.

तिला सांगावे, चाल मला समजली. उशिरा समजली.

आता खेळी तिच्या बाजूची.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, त्यातील राग कमी करण्याची संधी मला दिली गेली आणि मी ती घेतली नाही. खाली सही करतो.

(सही) पंपवाले
ठिकाण: मागची खोली, खिडकी उघडी
तारीख: प्रदर्शनानंतरचा दुसरा रविवार, सकाळ

साक्षीदार

आम्ही दोघे, एकाच वेळी हजर राहून, असे लिहून देतो की वरील सही लिहून देणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत केली. आम्हाला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. रंगकामाचे भिंग आगगाडीवाल्यांना द्यायचे होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाल्यामुळे ते त्यांना काल संध्याकाळीच घरी नेऊन दिले गेले. सही करताना लिहून देणारा पूर्ण शुद्धीवर होता आणि रागात होता. सही चालू असताना दाराबाहेर चपलेचा आवाज आला. लिहून देणाऱ्याने मान वर केली नाही, पण शेजारची रिकामी खुर्ची पायाने टेबलापासून जराशी मागे सारली, हे आम्ही दोघांनी पाहिले.

(सही) आगगाडीवाले
(सही) शेजारचे चष्मेवाले